अंगणातल्या पीचच्या खोडातून डिंक येतोय, एक फांदी वाळली (नागपूर)

अंगणातली | ९ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. घर मनीषनगरला, मागे पंधरा बाय वीसचं अंगण. त्यात चार वर्षांपूर्वी पीचचं कलम लावलं, शान-ए-पंजाब जातीचं. तेव्हा घरीदारी सगळे हसले. "सिमल्याचं झाड आणि नागपूरचा मे महिना!" पण झाड जगलं. या फेब्रुवारीत पानं यायच्या आधी अख्खं गुलाबी झालं आणि एप्रिलअखेर पहिल्यांदा फळं हाती आली. मोजून सदतीस. त्यातली अर्धी आतून अळ्यांनी भरलेली निघाली तो भाग वेगळा.

आता मुद्द्याचं. गेल्या महिनाभरात खोडावर मधाच्या रंगाचे डिंकाचे थेंब यायला लागलेत. काही हरभऱ्याएवढे, दोन-तीन चांगले बोराएवढे. बहुतेक जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत. पाऊस झाला की विरघळून जातात, उघडीप मिळाली की परत. पानांना बंदुकीचे छर्रे लागल्यासारखी भोकं पडलीत, खाली रोज सूपभर पानं गळतात. शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. आणि पूर्वेकडची एक मनगटाएवढी फांदी पार वाळली.

नर्सरीवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवले. त्यानं फोटो मोठा करूनसुद्धा पाहिला नाही, एक पुडी आणि एक बाटली हातात दिली, साडेआठशे रुपये. अजून उघडलेली नाही. आधी इथे विचारावं म्हटलं.

फोटो जोडलेत: १ खोड, २ पानं, ३ वाळलेली फांदी, ४ पूर्ण झाड.

---

काटोलवाला | ९ जुलै, रात्री ९:४५

ताई, हा डिंक्या हाय. आमच्या संत्र्याले होते तोच. फोटो १ पाहूनच समजलं. खोडाची सडलेली साल चाकूनं खरडा, पोटॅशियम परमँगनेटच्या पान्यानं धुवा अन् वरून बोर्डो पेस्ट (मोरचूद अन् चुन्याचा लेप) लावा. पावसाळ्याच्या आधी एकदा अन् नंतर एकदा. बापानं पन्नास वर्सं हेच केलं, मी बी हेच करून राहिलो. पुडी अन् बाटली वापस करा.

---

सॅनहोजे_मावशी | ९ जुलै, रात्री १०:२०

आमच्या कॅलिफोर्नियात परसदारी पीच म्हणजे पहिला संशय पानं मुरडण्याच्या रोगाचा, म्हणजे 'लीफ कर्ल'चा. टॅफ्रिना नावाची बुरशी. पानं जाड होतात, फुगतात, लालसर सुरकुततात आणि गळतात. त्यावर पानगळीनंतर, कळ्या फुगायच्या आत तांब्याचं औषध फवारतात. एकदा पानं वाकडी झाली की त्या वर्षी काही उपयोग नाही. तुमची पानं आक्रसली आहेत का? फोटोत नीट दिसत नाही.

---

तर्रीपोहे | ९ जुलै, रात्री १०:३१

डिंक गोळा करत राहा. हिवाळ्यात लाडू.

(विनोद बाजूला. मी तर म्हणतो काढा ते झाड, मोसंबी लावा. नागपुरात राहून पीचचे लाड कशाला?)

---

निवृत्त_फळबाग | १० जुलै, सकाळी ६:५०

झाड काढू नका. औषधही लगेच काही करू नका. आधी थोडं बोलू.

डिंक हे रोगाचं नाव नाही. पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी ही सगळी अश्मगर्भी (आत टणक बाठ असलेली) फळझाडं एकाच कुळातली, आणि सालीखाली काहीही बिनसलं की ती डिंक सोडतात. कुदळ लागली, अळीनं पोखरलं, उन्हानं साल भाजली, जिवाणू शिरला, मुळाशी पाणी साचलं, कारण कोणतंही असो, वर दिसतो तो डिंकच. माणसाला ताप यावा तसं. म्हणून नुसत्या फोटोवरून मी नाव सांगणार नाही. काटोलवाला भाऊंचा अंदाज चुकीचा आहे असंही म्हणत नाही.

सॅनहोजे मावशींना एक सांगतो. टॅफ्रिनाला कळी उमलताना थंड आणि ओला वसंत लागतो. आपल्याकडे पीचची कळी फुटते जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, तेव्हा हवा कोरडी आणि दुपारी ऊन तिशीच्या घरात. नागपुरात पीचची पानं गुंडाळलेली दिसली तर बुरशीआधी पान उलटून मावा बघायचा. पण ताईंची पानं गुंडाळलेली नाहीत, त्यांना भोकं आहेत. ती निराळी गोष्ट.

ताई, आता एवढं बघून सांगा.

डिंकात लाकडाचा भुसा किंवा अळीची विष्ठा मिसळलेली आहे, की डिंक स्वच्छ, आरपार दिसणारा आहे? वाळलेल्या फांदीच्या बुडाशी, जिथे ती खोडाला जोडते त्या बेचक्यात, जाळीसारखं काही चिकटलं आहे का? कलमाचा जोड (खोडावर जिथे थोडा वाक किंवा गाठ असते तो) जमिनीच्या वर आहे की मातीत गेला? झाडाला पाणी कुठून आणि किती मिळतं, उन्हाळ्यातसुद्धा? आणि मे-जूनमध्ये पानांवर काही फवारलं होतं का? लपवू नका, सगळेच फवारतात.

---

अंगणातली | १० जुलै, रात्री ८:०५

काका, टॉर्च घेऊन अर्धा तास झाडाखाली बसले होते. डासांनी फोडून काढलं.

खोडावरचा डिंक एकदम स्वच्छ, काचेसारखा. भुसा नाही. वाळलेल्या फांदीचं वेगळंच निघालं. बेचक्यात तपकिरी भुशाची पट्टी, कोळ्याच्या जाळ्यात लाकडाचा चुरा गुंडाळावा तशी, जवळजवळ वीतभर लांब, सालीला चिकटलेली. ओढली तर खाली साल खरवडलेली आणि एक गोल भोक. पेन्सिल जाईल एवढं.

कलमाचा जोड सापडलाच नाही. मातीत असणार. दर वर्षी आळ्यात शेणखत टाकतो, ते खोडाला भिडलेलं आहे. बाकी तीन बाजूंना पेव्हर ब्लॉक.

पाणी. इथे मी थोडी ओशाळते. मागच्या भिंतीला मोठा कूलर आहे. त्याची टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते, नाहीतर वास येतो. पाणी वाया नको म्हणून यांनी टाकीचा पाइप सरळ पीचच्या आळ्यात सोडला. मार्चअखेर ते जूनचा मध्य. शिवाय बोअरचं पाणी असतंच.

फवारणी केली होती. २० जूनला एका व्हिडिओत पाहून बोर्डो मिश्रण, एक टक्का, सगळ्या पानांवर, अगदी चिंब होईस्तोवर. दुसऱ्या दिवशी पाऊस. आठ दिवसांनी भोकं.

---

निवृत्त_फळबाग | ११ जुलै, सकाळी ७:१५

धन्यवाद. आता कोडं बरंचसं सुटलं. एका झाडावर चार वेगवेगळ्या गोष्टी चालू आहेत आणि आपण एकच रोग शोधत होतो.

भोकं आधी घेऊ, कारण ती सोपी. अश्मगर्भी झाडांत भोकं पाडणारे रोग आहेत. एक बुरशीचा, एक जिवाणूचा. पण इथे तारीख बोलते. बोर्डोतलं मोरचूद म्हणजे तांबं, आणि पीचचं हिरवं पान तांब्याला फार हळवं असतं. एक टक्का बोर्डो संत्र्याच्या पानाला चालतो, पीचच्या पानाला भाजतो. त्यात वर ढग, पान लवकर सुकत नाही, मग आणखी भाजतं. जांभळट ठिपके येतात, ठिपक्याचा मधला भाग गळून पडतो, पान पिवळं होऊन खाली. म्हणजे भोकं रोगानं नाही, औषधानं पाडली. पीचवर तांबं फवारायचं तर पानगळ झाल्यावर, उघड्या फांद्यांवर. आता काही करायचं नाही. नवी पानं येतील.

वाळलेली फांदी साल खाणाऱ्या अळीनं घालवली. ही अळी पेरू, बोर, आंबा, संत्रा, कशालाही लागते. दिवसा भोकात बसते, रात्री बाहेर येऊन त्या जाळीच्या आडोशानं साल खाते. जाळी ब्रशनं साफ करा. भोकात सायकलच्या स्पोकसारखी तार घालून आत टोचा, टोकाला ओलं लागलं तर अळी मेली. मग पेट्रोलचा कापसाचा बोळा ढकला आणि ओल्या मातीनं भोक लिंपा. बोळा घालताना जवळ विडी-काडी नको. वाळलेली फांदी उघडीप मिळाली की हिरव्या लाकडापर्यंत कापा.

पिवळी पानं आणि हिरव्या शिरा म्हणजे लोह मिळत नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडी, त्यात मुळं पाण्यात बुडालेली. अशा मुळांना मातीत लोह असूनही उचलता येत नाही. पाणी हटलं की बऱ्याचदा आपोआप सुधारतं. म्हणून इथेही घाई नको.

राहिला खोडाचा डिंक. तो स्वच्छ आहे, जमिनीलगत आहे, कलमाचा जोड मातीत आहे आणि कूलरचं पाणी अडीच महिने तिथेच मुरलं. मला पायकूज वाटते, म्हणजे फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्म जीवानं खोडाचा पाया सडवणं. पण माझं वाटणं पुरेसं नाही. ताई, खुरपी घ्या आणि खोडाभोवतीची माती, शेणखत हळूहळू बाजूला करा, पहिलं जाड मूळ दिसेपर्यंत. मग नखानं किंवा चाकूच्या टोकानं चार बाजूंना साल किंचित खरवडा. खाली हिरवट-पांढरं दिसलं तर ठीक. तपकिरी, ओलं, आंबूस वासाचं दिसलं तर तिथे रोग. कुठल्या बाजूला, किती रुंद, तेवढं सांगा.

---

काटोलवाला | ११ जुलै, सकाळी ९:०२

मंजे डिंक्याच निघाला ना काका! मी काय सांगून राह्यलो होतो? संत्र्याले बी हाच फायटोफ्थोरा.

---

निवृत्त_फळबाग | ११ जुलै, सकाळी ९:३०

निघाला तर मान तुमचाच, भाऊ. पण तुम्ही खोड सांगितलं तेव्हा फांदी, पानं आणि कूलर राहिले होते. पेस्ट लावून पाइप तिथेच ठेवला असता तर पुढल्या जुलैत परत इथेच धागा.

हा जीव खरं तर बुरशीही नाही, तो शेवाळाच्या जवळचा. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, शेपटीसकट. मोकळं पाणी असेल तरच मुळापर्यंत पोचतात. म्हणून त्याच्यावरचा पहिला इलाज डबीतून नाही, पाइपातून येतो. १८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा ज्यानं संपवला तो याच घराण्यातला.

---

तर्रीपोहे | ११ जुलै, सकाळी १०:१२

सकाळी सकाळी आयर्लंड. आम्ही इथे पोहे खाऊन राहिलो काका.

---

सॅनहोजे_मावशी | ११ जुलै, सकाळी ११:४०

काका म्हणतात ते तांब्याचं अगदी खरं. पहिल्या वर्षी मीही भर एप्रिलमध्ये पीचवर तांबं मारलं होतं. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून एकच वाक्य ऐकवलं: "आता पानं मोजत बस."

लीफ कर्लचं माझं चुकलं. इथली पुस्तकं वाचून तिथलं झाड बघू नये हे कळलं. छाटणी मात्र इथेही पाऊस टाळूनच करतात. जर्दाळू आणि चेरी आम्ही भर उन्हाळ्यात छाटतो, कारण आमचा पाऊस हिवाळ्यात आणि ओल्या जखमेतून रोग शिरतो. तुमचा पाऊस उलटा, तर छाटणीचा महिनाही उलटा असणार.

---

निवृत्त_फळबाग | ११ जुलै, दुपारी १:०५

बरोबर. आपल्याकडे डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा पहिला पंधरवडा. पानं गळालेली, हवा कोरडी, कळ्या अजून झोपलेल्या. पीचला फळ मागच्या वर्षीच्या कोवळ्या फांदीवर लागतं, त्यामुळे दर वर्षी छाटणी हवीच. नाहीतर फळ टोकाटोकाला पळतं आणि मधलं झाड नागडं.

---

बेसा_बाग | १२ जुलै, रात्री ९:००

धागा पळवतो, माफ करा. माझ्याकडे आलुबुखार आहे, सतलज पर्पल. फुलं भरपूर, फळ शून्य, तीन वर्षं झाली. हाही रोगच का?

---

निवृत्त_फळबाग | १२ जुलै, रात्री ९:२५

रोग नाही, एकटेपणा. सतलज पर्पलला स्वतःचा परागकण चालत नाही. परागासाठी शेजारी काला अमृतसरी ही दुसरी जात लावतात. पीचला ही अडचण नाही, एकच झाड फळतं. तरी नागपुरात आलुबुखाराकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते, ते तास इथे कमी पडतात. २०१८च्या डिसेंबरात पारा ३.५ वर गेला होता, पण दोन रात्रींच्या कडाक्यानं तास भरत नाहीत.

---

अंगणातली | १३ जुलै, सायंकाळी ६:४०

आज दुपारी दोन तास उघडीप होती. खुरपी घेऊन बसले.

पहिले चार बोटं नुसतं शेणखत. काळं, चिकट, मुठीत दाबलं तर पाणी गळेल असं. त्याखाली माती, आणि जमिनीच्या आत आठ बोटं गेल्यावर कलमाचा जोड. इतका खोल! लावताना वर होता, नक्की आठवतंय. दर वर्षी थोडं थोडं भरत आम्हीच पुरला.

मग चाकूचं टोक. रस्त्याच्या बाजूला साल काढली, खाली कोवळ्या दुधी भोपळ्याच्या सालीचा रंग. उत्तरेलाही तसाच. तिसरी बाजू बरी. कूलरच्या बाजूला चाकू टेकवला आणि तो लोण्यात जावा तसा आत गेला. साल लालसर तपकिरी, मऊ, खालून ओलं, आणि वास ताक नासल्यासारखा. चार बोटं रुंद, हातभर उंच. वरच्या टोकाला नेमका तो बोराएवढा डिंकाचा गोळा बसलेला. सडलेलं तपकिरी आणि निरोगी पांढरं यांच्यामध्ये कुणी पेन्सिलनं ओढावी तशी रेघ आहे.

पाइप जिथे टेकायचा तिथे मातीवर पांढरा थरही आहे, मिठासारखा.

हे उभे होते मागे. काही बोलले नाहीत. पाइप उचलून कण्हेरीत टाकला.

---

निवृत्त_फळबाग | १३ जुलै, रात्री ८:१०

उत्तम निदान केलंत. प्रयोगशाळेची पक्की खात्री हवी असेल तर महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राचा विभाग आहे. सडलेल्या आणि निरोगी भागाच्या हद्दीवरचा सालीचा तुकडा, कागदात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये घामाघूम न करता न्यायचा. पण उपचार त्यासाठी थांबवायची गरज नाही.

पांढरा थर म्हणजे क्षार. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, आठवड्याला वाढत जातात. तुम्ही रिकामं करत होतात ते पाणी नव्हतं, लोणच्याचा खार होता. पीचला क्षार अजिबात सोसत नाहीत, पानांच्या कडा करपतात. कण्हेर सोसते, यजमानांनी नेमकं झाड निवडलं.

झाड वाचेल. खोडाचा तीन चतुर्थांश घेर शाबूत आहे. सडलेली साल त्या रेघेच्या बोटभर पुढे निरोगी भागापर्यंत धारदार चाकूनं काढा, खालच्या लाकडात खोल जाऊ नका. काढलेली साल तिथेच टाकू नका, जाळा. दोन-तीन दिवस जखम वाऱ्यावर सुकू द्या, वर पत्रा आडवा धरा पावसासाठी. मग बोर्डो पेस्ट. माती परत भरायची नाही, जोड उघडाच ठेवायचा. आणि आळं दुहेरी करा: खोडाभोवती दीड हातावर मातीचा एक बांध, त्याच्या बाहेर दुसरा, पाणी फक्त दोन बांधांच्या मध्ये. पावसाचं आतलं पाणी निघून जायला एक चर.

---

काटोलवाला | १३ जुलै, रात्री ८:५०

दुहेरी आळं आमचं, काका! आमच्याकडं समद्या संत्र्याले तसंच.

ताई, पेस्ट मी सांगतो, बिघडली तर काम वाया जाते. शंभर ग्राम मोरचूद, शंभर ग्राम कळीचा चुना, पाणी एक लिटर. प्लास्टिकच्या दोन वेगळ्या डब्यांत अर्धा अर्धा लिटर घ्या. लोखंडाचा डबा नोका घेऊ. मोरचूद रात्रीच कापडात बांधून पान्यात लोंबकळत ठेवा, खाली टाकलं तर बसून राह्यते. चुना सकाळी विरवा, थंडा होऊ द्या. गरम चुन्यात मोरचूद टाकला तर खराब. मंग मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओता, लाकडानं ढवळत. निळंभोर, दह्यासारखं झालं पाहिजे.

आता खरी गोष्ट. लोखंडाचा खिळा घासून चकचकीत करा अन् एक मिनिट त्याच्यात बुडवा. बाहेर काढल्यावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडला, अजून टाका. खिळा जसाचा तसा निघाला तर लावा. त्याच दिवशी संपवा, उद्याले ठेवू नोका. जुन्या ब्रशनं जखमेवर अन् खोडाले दोन हात उंचीपर्यंत. पानाले लागू देऊ नोका, तुम्ही एकदा लावून पाह्यलंच.

चुना पानटपरीवरचा नोका आणू, तो आधीच विरलेला राह्यते.

---

अंगणातली | १३ जुलै, रात्री ९:१५

भाऊ, पानटपरीचाच आणणार होते, खरं सांगते.

आणि ती साडेआठशेची पुडी-बाटली? पुडीवर आंतरप्रवाही बुरशीनाशक लिहिलंय, बाटलीवर कीटकनाशक.

---

निवृत्त_फळबाग | १३ जुलै, रात्री ९:४०

लेबल उलटून बघा, पिकांच्या यादीत पीच आहे का. नसणार. खायच्या फळाच्या झाडाला, यादीत नसलेलं, अंदाजे प्रमाणानं देऊ नये. आणि बाटलीतल्या औषधाला आता कीडच उरलेली नाही, अळी तुम्ही तारेनं मारणार आहात.

---

कुंडीवाली | १४ जुलै, सकाळी ८:२०

खाली गळलेली पानं शेजारच्या बकऱ्यांना दिली तर चालतील का? आमच्याकडे बकरीवाली रोज विचारते.

---

निवृत्त_फळबाग | १४ जुलै, सकाळी ८:३५

अजिबात नको. या कुळाच्या कोमेजलेल्या पानांतून सायनाइड सुटतं, बकरी दगावू शकते. बाठीतल्या गराचंही तेच, कडू बदामाचा वास येतो तो त्याचाच. मुलांना बाठी फोडून खाऊ देऊ नका. फळ निर्धास्त खा.

---

अंगणातली | २ ऑगस्ट, रात्री ९:३०

कळवायचं राहिलं. पेस्ट १८ तारखेला लावली. पहिल्यांदा खिळ्यावर तांबं चढलं, दोन चमचे चुना वाढवला, मग खिळा स्वच्छ. अळीच्या भोकात तार घातली तेव्हा टोकाला पांढरट ओलं आलं. किळस आली आणि समाधानही झालं.

नवा डिंक नाही. शेंड्याला नवी पानं फुटतायत, अजून पिवळसर आहेत. चर खोदलाय, पाऊस पडला की पाणी सरळ गेटकडे वाहतं. यांना आता दर पावसात तिथे उभं राहून बघायचा नादच लागलाय.

काका, पुढल्या वर्षीच्या अळ्यांचं काय करू? फळातल्या.

---

निवृत्त_फळबाग | ३ ऑगस्ट, सकाळी ७:००

ती फळमाशी. तिच्या एका जातीचं इंग्रजी नावच 'पीच फ्रूट फ्लाय' आहे, पण ती पेरू, आंबा, कशावरही वाढते. आजूबाजूला पेरूची झाडं असतील तर तुमच्या अंगणापुरता बंदोबस्त अर्धाच. फळ सुपारीएवढं झालं की प्रत्येकाला कागदी पिशवी बांधा. सदतीस फळांना सदतीस पिशव्या, एका रविवारचं काम. मिथाइल युजेनॉलचा (वासानं माशी ओढणारा) सापळा लावा, पण त्यात फक्त नर येतात, त्यावर विसंबू नका. गळलेलं प्रत्येक फळ उचलून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. झाडाखाली पडू दिलं तर अळी मातीत जाऊन कोश करते आणि नवी माशी परत तुमच्याच फळावर.

मार्चच्या आधी खोडाला चुना लावायला विसरू नका, नैर्ऋत्येच्या बाजूला विशेष. २०१३च्या मेमध्ये आपण ४७.९ पाहिलंय. उन्हानं भाजलेली साल म्हणजे अळीला आमंत्रण.

---

अंगणातली | १ मार्च, रात्री ८:४५

धागा वर काढते. जानेवारीत छाटणी केली, तिसऱ्या आठवड्यात कळ्या फुगल्या. वाळलेल्या फांदीची बाजू रिकामीच आहे, झाड जरा एकाक्षी दिसतं. खोडावरची जखम दोन्ही कडांनी भरत आलीये. ओठ आवळावेत तशी नवी साल आत सरकतेय, मध्ये दोन बोटं उरलंय. डिंक नाही.

आणि फळं! फांद्यांना मण्यांच्या माळा लागल्यासारखी. मोजली तर १२९. सगळी ठेवू?

---

निवृत्त_फळबाग | १ मार्च, रात्री ९:१०

नाही. एका फळापासून दुसरं वीतभर लांब, मधली सगळी काढा. आताच, बोराएवढी आहेत तोवर. जखम भरणाऱ्या झाडावर एवढा भार नको.

---

काटोलवाला | १ मार्च, रात्री ९:२२

काका म्हणते तसं करा ताई. हात धजत नसन तर यजमानाले सांगा.

---

अंगणातली | २ मार्च, सकाळी १०:३०

यांनीच काढली, मी आत बसले होते. एकाहत्तर निघाली, एक सूप भरलं. झाडावर अठ्ठावन्न उरलीत. कागदी पिशव्या साठ आणल्यात. कूलर परवा बसवणार आहेत, पाइप कण्हेरीपर्यंत पोचत नाही म्हणून दोन मीटर जास्तीचा घ्यायला आत्ताच गेलेत.